बेळगावात गॅसविना घर : सगळं विजेवर चालवायचं तर आराखड्यातच काय काय ठरवावं?

तांबडी_माती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. येळ्ळूर रस्त्याला तीस बाय चाळीसची साईट घेऊन ठेवली होती, आता बांधकाम काढतोय. खाली आई-बाबा, वर आम्ही तिघं. नकाशा अजून पक्का झालेला नाही, म्हणूनच आत्ता विचारतोय. एकदा स्लॅब पडला की मग फक्त पस्तावायचं.

माझ्या डोक्यात घर पूर्ण विजेवर चालवायचं आहे. स्वयंपाक, आंघोळीचं पाणी, सगळंच. सिलिंडरची जाळी नको, पाइपच्या गॅससाठी भिंतीला भोक नको आणि मागच्या अंगणात बाबांचा तांब्याचा बंबही नको. कारण सरळ आहे: घरातला धूर आणि कार्बन कमी व्हावा. घर पन्नास वर्षं टिकेल असं धरलं, तर आज घातलेली गॅसची सोय पन्नास वर्षं गॅस जाळायला लावणार.

वास्तुविशारद म्हणतात, "करू की, फक्त लोड जास्त मागा." बाबा म्हणतात, "आणि लाईट गेली तर?" बायको म्हणते, "भाकरीचं काय?" तिघांनाही देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांनी हे केलंय किंवा करून सोडलंय, त्यांनी लिहा.

रामतीर्थनगरी

रुमाल टाकून ठेवतो. आमचंही पुढच्या वर्षी काढायचं आहे.

कंदील

उत्साहावर पाणी ओततोय, राग मानू नका. आधी हिशेब बघा.

घरगुती सिलिंडरात १४.२ किलो गॅस. एक किलो एलपीजी जळला की साधारण तीन किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे सिलिंडरमागे बेचाळीस-त्रेचाळीस किलो. तेवढ्या गॅसमधली उष्णता मोजली तर १८० युनिट भरते; त्यातली साठ टक्के भांड्याला लागते, बाकी ओट्याला आणि बाईच्या तोंडाला. इंडक्शन ८५ टक्के उष्णता भांड्याला देतं असं धरा, तर एका सिलिंडरच्या स्वयंपाकाला सुमारे १२८ युनिट लागतील.

आता देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. १२८ गुणिले ०.७ म्हणजे नव्वद किलो. गॅसचे बेचाळीस, विजेचे नव्वद. घरातला धूर रायचूरच्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून सोडला, एवढंच. याला कार्बन कमी करणं कसं म्हणायचं, ते कुणीतरी समजावून सांगा.

उद्यमबागेतला

कंदील, हिशेब बरोबर आहे, पण अर्धवट आहे.

मी फौंड्रीत आहे. इथे एके काळी क्युपोला भट्ट्यांत कोक जळायचा, संध्याकाळी कपडे झटकले तर काळी पूड पडायची. आज बहुतेक ठिकाणी बीड इंडक्शन भट्टीत वितळतं, टनाला सहाशे युनिटच्या आसपास वीज खाऊन. भट्टी तीच राहते आणि वीज सुधारली की तिचा कार्बन आपोआप खाली येतो. कोकच्या भट्टीत तुम्ही काहीही करा, कोक तो कोकच.

घराचंही तसंच. आजची ०.७ ही देशाची सरासरी आहे आणि ती घर बांधायच्या वर्षाची आहे, घराच्या आयुष्याची नाही. जून २०२५ मध्ये देशातली निम्मी स्थापित क्षमता बिगर-कोळसा, बिगर-तेल झाली. प्रत्यक्ष निर्मितीत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे हे मान्य, पण दिशा तरी दिसते. त्यात आपण कर्नाटकात. पावगडचा सौर प्रकल्प २०५० मेगावॅटचा, कैग्याला २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या, शेजारच्या जोयड्यात काळी नदीवर सुपा धरणाची जलवीज, खाली शरावतीची. सौंदत्तीकडे गेलात तर डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. अवांतर: पाण्याच्या जोरावर यंत्र चालवणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही, गोकाकची गिरणी १८८० च्या दशकापासून धबधब्यावर उभी आहे.

कंदील

पावगड दुपारी चालतो हो. तुमची फोडणी सकाळी साडेसातला आणि रात्री आठला. तेव्हा सूर्य कुठे असतो?

उद्यमबागेतला

हा मुद्दा मात्र खरा आहे. संध्याकाळी शरावतीचं पाणी कामाला येतं, पण कोळसाही तेव्हाच जोरात पेटतो.

शहापूरची_वैनी

तुमचे ग्रिड-बिड चालू द्या. मी भाकरीवर बोलते, कारण धाग्यात आतापर्यंत चुलीसमोर बसणारं कुणी आलेलं दिसत नाही.

आमच्याकडे इंडक्शन आहे, रोज वापरते. डाळ-भात, भाजी, चहा, दूध, कुकर, सगळं गॅसपेक्षा लवकर होतं. दूध उतू जायच्या आत बंद करता येतं, कारण आच तिथल्या तिथे थांबते. उन्हाळ्यात स्वयंपाकघर तापत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा आणि त्याबद्दल पुरुष मंडळी लिहीत नाहीत.

भाकरीला अडचण तव्याची. साध्या सुट्या इंडक्शनची आतली कॉइल लहान असते, तव्याच्या मधल्या भागापुरती. मधे भाकरी करपते, कडा कच्च्या राहतात, आणि कडा कच्च्या राहिल्या की भाकरी फुगत नाही, कितीही कापडानं दाबा. त्यावर उपाय दोन. मोठ्या कॉइलची बसवायची शेगडी घ्यायची, आणि खाली एकदम सपाट असलेला बिडाचा जाड तवा घ्यायचा. तवा आधी कमी आचेवर सावकाश तापू द्यायचा, घाई केली की मधेच लाल होतो. पाणी फिरवलेली बाजू सुकली की उलटायची, दुसरी बाजू पूर्ण भाजू द्यायची आणि मग पहिल्या बाजूवर परत टाकून कडेकडेनं कापडानं दाबायचं. ज्वारीची फुगते. तांदळाचीही फुगते. नाचणीची नाही, खरं नाचणीची गॅसवर तरी कुठं रोज फुगते?

आणि तवा काचेवर ओढायचा नाही, उचलून ठेवायचा. ओरखडे पडतात.

मांडे कसे करणार म्हणून कुणी विचारू नये. उलट्या घातलेल्या मडक्यावर मांडा भाजायला जाळच लागतो आणि तो घालणाऱ्या बायका वेगळ्या. लग्नात त्यांना बोलवायचं, घरात नाही.

तांबडी_माती

वैनी, हे बायकोला जसंच्या तसं वाचून दाखवलं. "तवा कुठं मिळतो ते विचार," एवढंच म्हणाली. म्हणजे निम्मं काम झालं.

उद्यमबागेतला

तव्याचं माझ्यावर सोडा. बेळगावात बिडाचा सपाट तवा ओतून मिळत नसेल तर कुठं मिळेल? तळ मशिनवर घासून घ्यायचा तेवढा, ओतलेला तसाच ठेवला तर काचेवर डुगडुगतो.

पुण्यातला_अनगोळकर

थोडं बाहेरचं सांगतो, म्हणजे आपण कशाची नक्कल करतोय आणि कशाची करू नये हे कळेल.

सगळं विजेवर असलेल्या इमारतींची चर्चा अमेरिकेत जोरात आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरानं २०१९ मध्ये नव्या इमारतींना गॅसजोडणी देणं बंद केलं. तिथल्या उपाहारगृहवाल्यांची संघटना कोर्टात गेली, २०२३ मध्ये अपील न्यायालयानं शहराच्या विरोधात निकाल दिला आणि २०२४ मध्ये शहरानं तो नियम मागे घेतला. न्यूयॉर्क राज्यानंही २०२३ मध्ये तसाच कायदा केला. एवढी भांडणं होतात, कारण थंडीत घर गरम ठेवायला तिथे पुष्कळ घरांत गॅसची भट्टी किंवा बॉयलर असतो. इमारतीच्या कार्बनचा मोठा वाटा त्याचाच. तो काढून हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत देणारं विजेचं यंत्र, बसवला की मोठा फरक पडतो.

आपल्याला घर तापवायचं नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, डिसेंबरात स्वेटर, मेमध्ये पंखा. आपल्याकडे उष्णता लागते ती दोनच ठिकाणी, मोरीत आणि ओट्यावर. त्यामुळे तिकडचा आराखडा उचलून इथे ठेवू नका, पण हीट पंप मात्र उचला, पाण्यासाठी.

नकाशावाली

आता माझा धंदा आला. लांब लिहितेय, चहा घेऊन बसा.

सगळ्यांनी स्वयंपाकापासून सुरुवात केली. आंघोळीचं पाणीही जवळजवळ तेवढीच उष्णता खातं, आणि निर्णय तिथून सुरू व्हायला हवा. वीस लिटरची बादली बावीस अंशावरून बेचाळीसवर न्यायला जेमतेम अर्धा युनिट लागतो. तुम्ही पाच जण, महिन्याला दीडशे बादल्या, म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर युनिट. साध्या गीझरवर तेवढेच येतील, कारण तिथे विजेची थेट उष्णता होते. हीट पंप ही वेगळी वस्तू आहे. तो फ्रिजसारखाच, पण उलट्या दिशेनं चालतो. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो आणि एका युनिटमागे तीन युनिटची उष्णता देतो. तुमचे पंच्याहत्तर पंचवीसवर आले.

कंदील यांच्या हिशेबात हे बसवून बघा. पंचवीस युनिट गुणिले ०.७, म्हणजे साडेसतरा किलो. तेच पाणी गॅस गीझरवर तापवलं तर सात किलोच्या आसपास गॅस, म्हणजे वीस-एकवीस किलो कार्बन. आजच्या कोळशाच्या विजेवरसुद्धा हीट पंप गॅसच्या बरोबरीला येतो, किंचित पुढेच जातो. स्वयंपाकात मात्र तुम्ही म्हणता ते खरं आहे, तिथे आज वीज हरते. म्हणून क्रम असा: पाणी आधी, छत दुसरं, ओटा तिसरा.

आणि पाणी दुपारी तापवायचं. छतावर ऊन असताना, बारा ते तीन. दोनशे लिटरची चांगली इन्सुलेटेड टाकी सकाळपर्यंत काहीच अंश सोडते. घरातली सर्वांत स्वस्त बॅटरी म्हणजे गरम पाण्याची टाकी. संध्याकाळच्या ग्रिडवर कोळसा जास्त असतो हा कंदील यांचा मुद्दा पाण्याला लागूच होत नाही, साधा टायमर लावला की झालं.

पण यासाठी नकाशात जागा हवी. हीट पंप हवा ओढतो आणि गार हवा बाहेर फेकतो, त्यामुळे त्याला बंद खोलीत कोंडू नका. जिन्याखाली तर अजिबात नको. वरच्या मजल्याच्या मोरीला लागून, मागच्या बाजूच्या उघड्या डक्टमध्ये बसवा. दोन्ही मजल्यांच्या मोऱ्या एकावर एक घ्या आणि स्वयंपाकघर त्यांच्या पाठीला, म्हणजे गरम पाण्याची पाइप लांब धावणार नाही. पुढे एक टोक आणि मागे दुसरं टोक अशा मोऱ्या काढल्यात तर प्रत्येक आंघोळीला आधी बादलीभर गार पाणी वाया जाईल, आणि ते तापवलेलं असतं. यंत्र घेताना आत कुठला वायू आहे तेही बघा. जुन्या आर-४१०ए ची उष्णता अडकवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पट, आर-३२ ची पावणेसातशे पट, आर-२९० ची म्हणजे प्रोपेनची नगण्य. तो गळला तर सगळा हिशेब बिघडतो.

आता छत. बेळगावात गच्चीवर पावसासाठी पत्र्याचं शेड सगळेच मारतात, नंतर, जमेल तसं, जमेल त्या उताराचं. तुम्ही ते आधीच काढा. आपण सोळा अंश अक्षांशाच्या जवळ आहोत, म्हणून शेडचा उतार दक्षिणेकडे पंधरा अंशांच्या आसपास ठेवा. पॅनेल थेट पत्र्यावर बसतील, वेगळा लोखंडी सांगाडा लागणार नाही. तीन किलोवॅटला सुमारे तीनशे वीस चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पाण्याची टाकी आणि जिन्याची टोपी उत्तरेला सरकवा. हे आज कागदावर फुकट होतं.

आणि एक अप्रिय गोष्ट. पहिला दिवा लागायच्या आत घरानं भरपूर कार्बन सोडलेला असतो, सिमेंट आणि सळीच्या रूपात. एका टन सिमेंटमागे सहाशे ते नऊशे किलो, कारण चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी विजेवर चालवली तरी तो सुटणारच. तेव्हा गरजेपेक्षा जाड स्लॅब, शोभेचे कॉलम, तीन-तीन फुटांच्या कमानी नकोत. तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्यांमुळे आपल्या भागात स्लॅगचं, म्हणजे पोलाद करताना उरणाऱ्या मळीचं सिमेंट सहज मिळतं, ते घ्या. भिंतीला चिरा मिळत असेल तर विटेपेक्षा बरा, तो भाजावा लागत नाही. पश्चिमेच्या भिंतीला मोठी काच लावू नका. हल्ली बाजारात सगळीकडे काचेचे डबे उभे राहतायत, आत दिवसभर एसी. पडवी, समोरासमोर खिडक्या आणि वरच्या स्लॅबवर शेडची सावली असेल तर या गावात एसीची गरज पडू नये. पंखे बीएलडीसी घ्या, साधा पंखा पंचाहत्तर वॅट खातो आणि हा तिसाच्या आसपास.

रामतीर्थनगरी

नकाशावाली ताई, हा प्रतिसाद छापून ठेवला. आमच्या जुन्या घरात दोन मोऱ्या अगदी दोन टोकांना आहेत.

गणपत_गल्ली

आमच्यासारख्यांनी काय करायचं? पंधरा फूट रुंद, मागे लांबलचक घर, दोन्ही भिंती सामाईक, वर मंगळुरी कौलं, आणि शेजाऱ्यानं तीन मजले चढवल्यामुळे दुपारनंतर ऊनच नाही.

नकाशावाली

तुम्ही सोलरच्या नादी लागू नका. पंखे बदला, पाण्याला हीट पंप घ्या, आणि कौलं काढून स्लॅब टाकायचा विचार असेल तर तो सोडा. कौलांखाली एक सीलिंग मारलंत तर घर गारही राहील आणि नवं सिमेंटही लागणार नाही. दुरुस्त केलेल्या जुन्या घराइतकं कमी कार्बनचं नवं घर सहसा बांधता येत नाही.

जांबोटीकर

सोलर बसवा की, कोण नको म्हणतंय. खरं एक गोष्ट सोलरवाले आधी सांगत न्हाईत ती मी सांगतो.

छतावर पॅनेल हाय, ऊन हाय, आणि लाईट गेली. तुमच्या घरात काय चालतंय? काय न्हाई. साध्या ऑन-ग्रिड इन्व्हर्टरला ग्रिडची वीज दिसली न्हाई की तो सोता बंद होतो. तसा नियमच हाय. खांबावर लाईनमन चढलेला असतो, आणि तुमच्या घरनं उलटी वीज त्येच्या तारेत गेली तर तो मरंल. म्हणून बंद. आमच्याकडं खानापूरच्या जंगलात पावसाळ्यात झाड पडलं की दोन-दोन दिवस अंधार. लोकांनी हौसेनं पॅनेल लावली आणि मेणबत्त्या लावून बसले.

लाईट गेल्यावर पण घर चालायला पायजे असंल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागती. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, पाच युनिटची घेतली तर एक वेळचा स्वयंपाक दीड-दोन युनिटात होतोय, पंखा-दिवे वर. पैसे बरेच जातात. येळ्ळूर रस्त्याला आमच्याएवढी लाईट जात नसंल, तरी जुलैचा विचार करूनच ठरवा. आणि जुलैत पॅनेल काय देत्यात तेही बघा. इतर वेळी किलोवॅटला रोजचे चार युनिट धरा, जुलै-ऑगस्टात दोन मिळाले तर नशीब.

आमच्या मळ्यात अजून बंबच पेटतोय, करवंट्या आणि काटक्या. माझ्या आईला त्या धुरानं खोकला लागलाय तो जाईना. तेवढ्यासाठी तरी तुमचा धागा वाचतोय.

कंदील

जांबोटीकर, बंबाच्या जागी वीज आणायला माझी पहिली सही घ्या. माझा वाद गॅसशी तुलना करण्यापुरताच आहे.

निपाणीकर

पैशाचं कुणी बोलेना, म्हणून मी.

कर्नाटक सरकारची फुकट विजेची गृहज्योती योजना ऑगस्ट २०२३ पासून आहे. महिन्याला २०० युनिटच्या आत राहिलात तर ठरवून दिलेले युनिट फुकट, त्यावरच्या युनिटचे पैसे. २०० ओलांडले की मात्र पूर्ण बिल भरायचं. ठरवून दिलेले म्हणजे तुमच्या २०२२-२३ च्या सरासरीपेक्षा थोडे जास्त. नव्या घराला तेव्हाचा वापरच नसतो, म्हणून राज्याच्या सरासरीवरून काढलेले ५८ युनिट मिळतात. आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा नंबर नवा, की हिशेब नवा.

आता तुमचे आकडे लावू. सिलिंडर दीड महिना पुरत असेल तर इंडक्शनचे महिन्याला ८५. पाणी हीट पंपावर २५. फ्रिज, पंखे, दिवे, वॉशिंग मशिन, टीव्ही, मोटर मिळून ८० धरा. झाले १९०. अगदी काठावर! साधा गीझर लावलात तर २४० आणि योजना गेली. हीट पंपाची किंमत ऐकून लोक मागे सरतात, पण या २०० च्या रेषेमुळे आपल्याकडे त्याचा पैसा लवकर वसूल होतो.

युनिट सहा रुपयांच्या आसपास धरलं तर १२८ युनिटांचे पावणेआठशे होतात. सिलिंडर आणि इंडक्शन यांत फार फरक नाही, कोणी फार मोठी बचत सांगत असेल तर त्याला कागदावर लिहून द्यायला सांगा. खरी बचत छतामुळे. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. तीन किलोवॅट वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला सव्वातीनशेच्या वर युनिट देतात, म्हणजे तुमच्या घराला पुरून उरतात, जांबोटीकरांचा जुलै धरूनसुद्धा.

मंजूर लोड, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॅट घेता येतील ती मर्यादा, वाढवला की दर किलोवॅटमागे स्थिर आकार दर महिन्याला बसतो, वापरा किंवा वापरू नका. म्हणून "फक्त लोड जास्त मागा" हा सल्ला ऐकताना हात आखडता घ्या.

फेज_न्यूट्रल

निपाणीकरांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. मी वायरिंगची कामं घेतो.

शेगडी दोन किलोवॅट, दुसरं बर्नर चालू केलं तर साडेतीन. हीट पंप एक किलोवॅटच्या आत. मोटर पाऊण. पुढेमागे गाडी चार्ज करायला साडेतीन. सगळं बेरीज करून लोक दहा-बारा किलोवॅट मागतात. अहो, सगळं एकाच वेळी कशाला चालवता? पाणी दुपारी, मोटर सकाळी सहाला, गाडी रात्री अकरानंतर. टायमर लावा, निम्म्या लोडमध्ये घर चालतं.

वायर मात्र आत्ताच जाड ओढा, ती स्लॅबच्या पोटात जाते आणि नंतर बदलताना भिंत फोडावी लागते. शेगडीला डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य फ्यूजपेटीपासून, स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची लाईन आणि स्वतःचा एमसीबी. ओट्यावर मिक्सरच्या बोर्डवरून शेगडी चालवली की सॉकेट पिवळं पडतं, मग काळं, मग फोन मला. छतापासून मीटरपर्यंत सोलरसाठी आणि पार्किंगपर्यंत गाडीसाठी रिकामे कंड्युट टाकून ठेवा, आत तार ओढायची दोरी सोडून. पाइपला जाणारे पैसे चहापाण्याइतके. आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारी कळ, प्रत्येक मजल्याला वेगळी.

आणि अर्थिंग. आपल्या तांबड्या जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग चांगलं मिळत नाही, पावसाळ्यात बरं वाटतं आणि एप्रिलमध्ये माती वाळली की संपलं. एका खड्ड्यावर भागवू नका. दोन तरी घ्या, खोल घ्या, आणि सोलरच्या तडितरोधकाला वेगळा. घरात सगळं विजेवर आणि अर्थिंग लंगडं, हे चालणार नाही. तपासणी एप्रिल-मेमध्ये करून घ्या, जूनमध्ये नको. बिल्डरला जूनच सोयीचा असतो.

तांबडी_माती

सगळ्यांचे आभार. नकाशा घेऊन पुन्हा बसलो होतो. जे ठरलं ते लिहितो, काही खटकलं तर आत्ताच ओरडा.

दोन्ही मोऱ्या मागे, एकावर एक. हीट पंप वरच्या डक्टमध्ये, दुपारच्या टायमरवर. शेड दक्षिण उताराचं, तीन किलोवॅट आत्ता आणि आणखी दोनपुरती जागा रिकामी. इन्व्हर्टर हायब्रिड, पण बॅटरी दुसऱ्या वर्षी. पैसे सगळीकडे पुरत नाहीत. पश्चिमेची मोठी काच गेली, तिथे जाळीची भिंत. स्लॅगचं सिमेंट आर्किटेक्टना मान्य आहे, चिऱ्याला गवंडी कुरकुरतोय, बघू.

गॅसची नळी नाही, हे पक्कं. पण बाबांच्या प्रश्नाला बॅटरी येईपर्यंत उत्तर नाही, म्हणून पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि एक शेगडी ठेवतोय. कंदील, तुम्हाला हसायला कारण दिलं.

कंदील

हसत नाही. उलट हेच शहाणपणाचं वाटतं. तुमच्या छताची वीज वर्षाच्या हिशेबात वापरापेक्षा जास्त येत असेल तर माझे नव्वद किलो बरेचसे फिटतात, एवढं मान्य करतो. पूर्ण नाही, कारण रात्रीची वीज तुम्ही ग्रिडकडूनच घेणार. आणि पॅनेलवर दर पंधरवड्याला पाणी मारा, उन्हाळ्यात येळ्ळूर रस्त्याची धूळ कमी नाही.

पुण्यातला_अनगोळकर

मोठ्या इमारतींचं काय? आमच्या भावाच्या अपार्टमेंटमध्ये लिफ्टसाठी डिझेल जनरेटर आहे, चोवीस फ्लॅट, प्रत्येकाचा वेगळा सिलिंडर, आणि आता पाइपच्या गॅसची चर्चा चालू झालीय. दाभोळ-बेंगळुरू वाहिनी आपल्या जिल्ह्यातूनच जाते, त्यामुळे गॅस पुढे मिळत राहणार. एकदा पाइप सगळ्या इमारतीभर फिरली की तिला हात कोण लावणार?

नकाशावाली

त्यावर वेगळा धागा काढा, तिथे सोसायटीची सभा हाच मोठा अडथळा असतो. सध्या एवढंच सुचवा: जनरेटर बदलायची वेळ आली की लिफ्ट आणि पंपापुरती बॅटरी, आणि सामाईक गच्चीवरचं सोलर सामाईक मीटरला. चोवीस घरांची संमती लागते ती स्वयंपाकघराला, जिन्यातल्या दिव्यांना नाही.

तांबडी माती, तुमच्या नकाशात मीटर बोर्ड पश्चिमेच्या भिंतीवर दिसतोय. आपल्याकडे पाऊस तिथूनच झोडपतो. तो पूर्वेला पडवीच्या आत घ्या, आणि इन्व्हर्टरला त्याच्या शेजारी भिंत सोडा, हवा खेळेल एवढी.

तांबडी_माती

हलवतो. उद्यमबागेतले, तव्याचं माप पाठवू का? बायकोला बारा इंची हवा आहे.

उद्यमबागेतला

आधी शेगडीच्या कॉइलचं माप घ्या, मग तव्याचं. आणि वैनी, तुमच्यासाठीही एक ओतू का?

शहापूरची_वैनी

दोन ओता. एक नणंदेला.